खंडेनवमीचं पाणी

कुंभारी,
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय सरफराज,

सलाम. अम्मींचे गुडघे कसे आहेत? अनिसा वहिनींना नमस्कार सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

प्लँटमधलं आपलं युनिट बंदच आहे. काल मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी ते उघडलं. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणाऱ्या त्या शेवयांएवढ्या पोकळ मेम्ब्रेन-नळ्या राखेच्या चिखलानं लिंपून गेल्यात. जळक्या काड्यापेट्या गटारात कुजाव्यात तसा वास. दीड वर्ष आपण दोघांनी जपलं होतं रे ते. मला ओकारीच आली.

महेश्वर साहेबांना नाही आली. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पाणी बाहेर सोडायचा ड्रेन बंद ठेवला की असंच होणार. ह्या लोकांना कामाची आस्थाच नाही." ह्या लोकांना! गेल्या खंडेनवमीला मशीनपुढचा नारळ तू फोडलास, तेव्हा पेढे कोणी हाणले? शिसारी येते त्या माणसाची.

पण साहेबांना किती नावं ठेवू? 'ड्रेन सरफराजने बंद ठेवला' या कागदाखाली सही माझी आहे. ते तुला कळलंच असेल. हे मात्र कळलं नसेल.

यंदा सुट्टीवर जाताना तू बजावलं होतंस, "इंद्या, पूजेला मशीन धू नको बरं का. फिल्टर उघडा हाय, पाणी आत नळ्यांत जाईल. कोरड्या फडक्यानं पूस." मी व्हय म्हणालो. खंडेनवमीच्या सकाळी सगळे पंप पाईप लावून धुतले. ते चकाचक, आणि आपलं युनिट राखेनं माखलेलं. पूजेला असलं कसं ठेवायचं? मारलं पाणी. हार घालताना आत गुळगुळ ऐकू आली, तरी दुसऱ्या दिवशी चालू केलं. तुझा ड्रेन उघडाच होता.

आज खरं लिहून, सही करून साहेबांकडे नेलं. म्हणाले, "तुझी परमनंटची ऑर्डर निघतीय. कागद घरी ने, विचार कर."

आणि मी तो परत घेतला, सरफराज. "थँक्यू सर" म्हणालो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

तुझी नोकरी गेली तर या डागानं तुला दुसऱ्या प्लँटमध्ये कोणी उभं करणार नाही, हे मला कळतं. तरी हा खरा कागद माझ्याकडे राहिला तर मी तो फाडीन, हेही कळतं. म्हणून तो या पाकिटात घातलाय. पुढच्या बुधवारी, १५ तारखेला, सकाळी अकराला चौकशी आहे. तो तू टेबलावर ठेव. मी आदल्या दिवशी तो परत मागायला येऊन हातापाया पडेन, बायकोपोरांची आण घालीन. दार उघडू नकोस.

ज्याच्यावर तू भरवसा ठेवलास तो,
इंद्रजीत