शेतकरी चालेल का

२७ ऑक्टोबर, अकोला

चौथी नोकरी! मोबाईलचं दुकान झालं, दर्यापूरची जीप झाली, केटरिंगवाल्याची भांडी झाली – आता समाजाचं वधू-वर मंडळ. केशवराव इथले अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळं एकटेच. त्यांनी विचारलं, "कम्प्युटर येते का?" म्हटलं, येते. चालू करता येत होता. खोटं कुठं बोललो!

काम असं – मुलांचा एक तक्ता, मुलींचा एक, दोन्ही डेटाबेसमध्ये. आईबाप येऊन खुर्चीत बसतात, अटी सांगतात. मी त्या अटींची क्वेरी, म्हणजे मशीनला विचारायचा प्रश्न, लिहायची. खाली स्थळं पडतात, त्यांचा कागद काढून द्यायचा. शिकवायला मिस्बाह. डेटाबेस तिनंच बांधलेला. अमरावतीला तिचा क्लास आहे, इथं मंगळवारी येते, आज खास माझ्यासाठी आली. "सिलेक्ट म्हणजे काय पाहिजे, फ्रॉम म्हणजे कुठून, व्हेअर म्हणजे कसलं. बस, इतकंच हाय." खिडकीखाली रस्त्यात दोन सांड भिडले होते. व्हेअर अर्धं तिकडंच गेलं.

२९ ऑक्टोबर

आज सहज विचारून पाहिलं – मुली, व्हेअर रंग सावळा. शून्य ओळी. चुकलो असेन म्हणून पुन्हा चालवली. शून्य! मे महिन्यात इथं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि अख्ख्या तक्त्यात एक सावळी मुलगी नाही. गोरी, निमगोरी, गव्हाळ, "उजळ गव्हाळ". मुलांच्या तक्त्यात तर रंगाचा रकानाच नाही. पोट्ट्यांना रंग नसतो!

३१ ऑक्टोबर

ग्रुप बाय शिकलो. सारख्या अटींचे ढीग करायचे आणि मोजायचे. मुलींकडच्या अटी मोजल्या. पहिला ढीग – सरकारी नोकरी. दुसरा – पुण्यात फ्लॅट. तिसरा – "शेती असावी, मुलगा शेती करणारा नसावा." मग ती शेती करणार कोण? शेजारी?

डेटाबेसात जातीचा रकाना नाही. सगळे एकाच जातीचे, विचारायचं काय! पण पोटजातीचा आहे, आणि तो कोरा ठेवून पुढं जाताच येत नाही. मशीन लाल अक्षरात ओरडतं. मिस्बाहला विचारलं तर म्हणे, "केशवरावांनी सांगितलं तसं बांधलं. माझ्यावर ओरडू नको."

३ नोव्हेंबर

जॉइन. म्हणजे दोन तक्ते जोडायचे. कशावरून जोडायचे ते ऑन लिहून सांगायचं असतं. ते राहिलं. झालं – प्रत्येक मुलाला प्रत्येक मुलगी! मशीन घरघरत बसलं, पडद्यावर ओळी धावताहेत. केशवराव मागून आले. "वा रे पोट्ट्या! इतके स्थळं? तुह्या आधीच्याले सात जनमात जमलं नसतं!" मिस्बाहला फोन केला. ती पोट धरून हसली. "तूने सबकी शादी सबसे करा दी क्या रे?"

६ नोव्हेंबर, कौंडण्यपूर

ऑफिसला कळवलं पोट दुखते, आणि जत्रेला आलो. पोट खरंच दुखतंय – भजी.

वर्धेच्या काठावर बसून उगाच विचार आला. हे रुक्मिणीचं माहेर. भावानं शिशुपाल ठरवला होता, हिनं परस्पर कृष्णाला निरोप धाडला. आमच्या मंडळात असती तर? फॉर्म भावानं भरला असता, आणि मी शिशुपालाचा कागद काढून दिला असता. रंगीत!

मग पाळण्यात बसलो. दोनदा.

१० नोव्हेंबर

मायचा फोन. आधी रडली, मग चिडली. "तू तेथीच बसून राहिला, अन् भावाले एक पोट्टी नाई सापडून राहिली तुले?"

भाऊ म्हणजे नितेशदादा. दर्यापूरजवळ आमची आठ एकर काळी जमीन, कपाशी-सोयाबीन तोच करतो. मी गावोगाव हिंडतो, कारण तो तिथं उभा आहे. तेहतीस झाले. चार वर्षं पाहणं चाललंय. स्थळाला फोन केला की पहिला प्रश्न – मुलगा काय करतो? शेती म्हटलं की नेटवर्क जातं. परवा दादा मायला म्हणाला, "यंदा झालं तं झालं. नाई तं माहं नाव काढून टाका." दादा असं बोलत नाही. बोलतो तेव्हा करतो.

मुलींच्या तक्त्यात एक रकानाच आहे – "शेतकरी चालेल का". हो किंवा नाही. माझ्या आधीच्या पोट्ट्यानं क्वेरी लिहून ठेवलेली, केशवराव सगळ्या शेतकरी मुलांना तीच चालवून देतात – ज्यांचं उत्तर "नाही"हून वेगळं आहे त्या मुली दाखव. दादासाठी चालवली. एक ओळ आली. हिवरखेडची. फोन लावला. मागच्या वर्षीच लग्न झालं, बाळ मागं रडत होतं.

११ नोव्हेंबर

मिस्बाह आली. पर्स ठेवायच्या आधी तिला ती क्वेरी दाखवली. तिनं एक नजर टाकली. "अन् ज्या पोरींचा रकाना कोरा आहे त्या?"

"त्या बी येतच असतीन. त्यांनी कुठं 'नाही' म्हटलं?"

"नाही येत. कोरा म्हणजे नल. नल कशाच्या बराबर नसतो, अन् कशाहून वेगळा बी नसतो. मशीनला काहीच सांगता येत नाही, ते त्या पोरीला सोडून पुढं जातं. त्यांच्यासाठी वेगळं विचारावं लागते – ऑर इज नल."

म्हणजे मंडळात कम्प्युटर आला तेव्हापासून, जिनं "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही, ती कुठल्याच शेतकऱ्याला दिसली नाही! नोंदणी झाली, फोटो झाला, पावती झाली – आणि पोरगी गायब. पोटजात कोरी असेल तर मशीन ओरडतं, आणि हे कोरं असेल तर साधं खाकरतही नाही.

तीन शब्द जोडले. पडदा भरला. खाली, खाली, आणखी खाली मुली! दादाच्या वयाला जुळेल अशी एक बाळापूरची – हर्षा, तीस, बी.एस्सी. मी खुर्चीवर उभा राहिलो.

"खाली उतर," मिस्बाह म्हणाली. "कोरा म्हणजे 'हो' नाही रे बाबा. मालूम नहीं, एवढंच."

"तू डेटाबेस सांभाळ. लग्न आमी पाहतो," मी म्हटलं.

केशवरावांना सांगितलं. त्यांनी दार लोटलं. मग हळूच – "कोनाले सांगू नको. लोक फी वापस मांगतीन."

१६ नोव्हेंबर, बाळापूर

मुलगी पाहायला गेलो. मी, दादा, माय, आणि मध्यस्थ म्हणून केशवराव – नव्या सफारीत. पोहे चांगले होते. शेंगदाणे भरपूर.

मायनं विचारलं, "किती शिकली बाई?" उत्तर बापानं दिलं. "सैपाक येते?" काकू बोलली. "शेतात रायनं जमन?" – बाप म्हणाला, "न जमायले काय झालं! आमच्या पोरीची कायची अट नाई." हर्षा ट्रे घेऊन उभी. चहात साखर किती, एवढंच तिनं विचारलं.

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी खाली किल्ल्याकडं पाहत बसलो. बुरुजावर एक बकरी चढली होती, उतरता येईना. मजा! दादा खाली आला तेव्हा बकरी तिथंच होती.

परत येताना बसमध्ये विचारलं, "कशी हाय?"

"चांगली हाय."

"बोलली का काई?"

"बोलली ना. मस्त बोलते. अर्धं हसली बी." आणि दादाही हसला! चार वर्षांत पाहण्याहून परतताना पहिल्यांदा. मग खिडकीकडं तोंड केलं ते दर्यापूरपर्यंत.

१९ नोव्हेंबर

बाळापूरहून हर्षाच्या बापाचा फोन – पसंत! साक्षगंध – पुण्याचे साखरपुडा म्हणतात ते – डिसेंबरातच उरकू म्हणाले.

मायनं अर्ध्या गावाला कळवलं, उरलेल्याला त्या अर्ध्यानं कळवलं. केशवरावांना दादाचा फोटो पाहिजे, मंडळाच्या फ्लेक्सवर टाकायला. "आधुनिक पद्धतीनं जुळलेले विवाह." मी म्हटलं, माझाही टाका. क्वेरी कोणी लिहिली?

मिस्बाहला पेढा दिला. तिनं खाल्ला. काहीच बोलली नाही. जळते!

२१ नोव्हेंबर

दादाचा फोन. "साक्षगंधाचं दोन-चार रोज कोनाशी बोलू नको. माय बी थांबली पायजे."

"काहून?"

"मी सांगून राहिलो म्हनून."

कापूस वेचायला बाया आल्या म्हणाला आणि ठेवला. लाजतो आहे. तेहतिसाव्या वर्षी!

२४ नोव्हेंबर

दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला.

"मंडळ ना? मी हर्षा बोलते, बाळापूरहून. माझ्या फॉर्ममधला एक रकाना कोरा आहे. भरायचा होता."

"कोणता?"

"शेतकरी चालेल का. 'नाही' लिहा."

"अहो, पण तुमच्या बाबांनी तर होकार कळवला!"

"त्यांनी कळवला. फॉर्म बी त्यांनीच भरला. मले कोणी विचारलं नव्हतं. एकानंच विचारलं – गच्चीवर. मी घाबरत घाबरत खरं सांगितलं. ते म्हणाले, घरी बोलता येत नसन तं हा नंबर घ्या. तेथी माहा भाऊ बसते, तो लिहून घेईन."

लिहून घेतलं.