गौरीच्या जेवणाची नोंद

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

चूक. मंगळवारी इथे लिहिलं – सीमामावशींनी मला एकदाही ‘कशी आहेस’ विचारलं नाही. विचारलं होतं! १ सप्टेंबरला, गौरी जेवल्या त्या संध्याकाळी, आमच्याच स्वयंपाकघरात. मी त्या दिवशी सणाची रजा घेतली होती, त्या ड्यूटीवरून थेट आल्या होत्या.

आठ वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. तिचा नियम – लिहिलेलं खोडायचं नाही, चूक कळली की तारीख घालून खाली खरं लिहायचं. म्हणून हे.

मावशी आईची मैत्रीण आणि आमच्या लॅबची मॅनेजर. “हॉस्पिटलमध्ये सीमा म्हणायचं हं, घरी मावशी,” त्या सांगायच्या. मला ते कधी जमलंच नाही. दोन्हीकडे मावशीच वाटायच्या.

जुलैत एका रक्ताच्या ट्यूबवर मी दुसऱ्याच पेशंटचं लेबल लावलं. चूक माझीच. वेळेत सापडली, कुणाला काही झालं नाही. पण पुढचे सात आठवडे मावशी रोज माझ्या खुर्चीमागे उभ्या. प्रत्येक लेबल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. “तुझ्याच भल्यासाठी गं.” सप्टेंबरच्या मध्यात मला एकही लेबल लावता येईना. तेव्हापासून घरी. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, आजारपणाच्या चिठ्ठीवर लिहिलंय – कामाचा ताण.

सोमवार, २७ ऑक्टोबर

कामामुळे आजारी पडले म्हणून हॉस्पिटलकडे केलेल्या दाव्याचं अजून उत्तर नाही. टपाल बघायला तीनदा दाराशी जाऊन आले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

नामंजूर.

मावशींची देखरेख वाजवी होती म्हणे. शिवाय मला आधारही दिला होता – ‘अनौपचारिक सहाय्य बैठक, १ सप्टेंबर. कर्मचारी म्हणाली, चिंतेचा त्रास लहानपणापासून आहे.’

बैठक! माझे हात कणकेने भरलेले होते. मावशी पुरणपोळी खात म्हणाल्या, “काय गं, हल्ली गप्प गप्प?” मी म्हटलं, आई गणित तपासायला बसली की लहानपणीही अशीच गप्प व्हायचे. आईसकट तिघी हसलो. त्यांनी तर डब्यात पोळ्याही नेल्या!

हे असंच राहिलं तर आजार कामाचा नाही, माझ्या स्वभावाचा ठरेल. मग नोकरीही जाईल. अपील शुक्रवार, ७ नोव्हेंबरपर्यंत. एचआरकडे त्या बैठकीची पूर्ण नोंद मागितली.

रविवार, २ नोव्हेंबर

आईला सांगितलं, अपिलात गौरीच्या जेवणाचं लिहिणार. ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

“ते नको काढूस. घरातलं घरात राहू दे.”

“पण मावशींनीच बाहेर काढलंय ना!”

“सीमा वाईट नाही गं. आणि तू आहेसच जरा हळवी.”

मी खोलीत येऊन हे लिहायला बसले. मावशींनी काय लिहून दिलंय, तिला यातलं काही माहीत नाही. बिचारी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पूर्ण नोंद आली. दुसऱ्या पानावर साक्षीदाराचा ईमेल, १० ऑक्टोबरचा. ‘सीमाने माझ्यासमोर आपुलकीने चौकशी केली. मुलगी लहानपणापासून घाबरट आहे.’ खाली आईचं नाव.

काल लिहिलं, तिला काही माहीत नाही. चूक. खोडत नाही.

गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, सकाळी नऊ वाजता अपील देणार. सोबत ही पानं. सगळी.