लेबलाच्या डाव्या कोपऱ्यातले तीन टाके

मी, अयोध्या वैजनाथ हिप्परगे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार तरोडा, नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. यात कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. डोके, डोळे आणि दोन्ही हात शाबूत आहेत. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी हैदराबादला माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही. पण दोरे लोंबत असलेला माल मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही, म्हणून जाण्याआधी आवरून ठेवते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा करून दिला होता, तो अर्ध्या पानाचा होता. मी त्यात माझे लिहीत गेले तेव्हा म्हणाले, "बाई, एवढं कोर्टात कोण वाचणार?" मी म्हणाले, "साहेब, कोर्टासाठी न्हाई, लेकीसाठी लिहून राहिले." मग त्यांनी कायद्याच्या चुका तेवढ्या काढल्या आणि बाकीच्याला हात लावला नाही. त्यांचे आभार.

१. तरोड्यातले दोन खोल्यांचे घर, अंगणासह, माझी एकुलती एक मुलगी सिंधु, राहणार लातूर, हिला मिळावे. बँकेतली ठेवही तिचीच. त्यातला काही भाग तिने माझी नात ऋतुजा हिच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. काय शिकायचे ते ऋतुजाला ठरवू द्यावे.

२. किल्लारीला भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेल्या घरातला माझा हिस्सा दीर बालाजी यांना द्यावा. त्र्याण्णवच्या त्या भूकंपात माझे मालक वैजनाथ, सासू आणि सासरे गेले. मी तीन वर्षांच्या सिंधुला घेऊन माहेरी, उमरीला होते म्हणून राहिले. मी लातूरला शिवण शिकायला निघाले तेव्हा बालाजीभाऊजी म्हणाले होते, "वहिनी, मशीनवर बसून काय दिवे लावणार?" हे वाक्य मी बरीच वर्षे मनात ठेवले. पुढे त्यांनी गावातल्या क्रिकेटच्या पोरांसाठी पुण्याहून अकरा जर्सी आणल्या आणि मोठ्या अभिमानाने मला दाखवल्या. वर बड्या कंपनीचे नाव, पण अकराच्या अकरा खोट्या होत्या. मी म्हणाले, "छान हायेत." त्या दिवशी आमचा हिशेब फिटला. ते घर त्यांनीच झाडले, सारवले, राखले. त्यांचे उपकार आहेत.

३. लोखंडी पेटीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला लहान मुलीचा निळा फ्रॉक आहे. तो सिंधुला द्यावा. त्याची हकीकत तिला अर्धीच माहीत आहे.

भूकंपानंतर ट्रक भरभरून जुने कपडे आले. त्या ढिगातून माझ्या वाट्याला एक पुरुषाची निळी जर्सी आली. कुठल्या तरी परदेशी फुटबॉल संघाची असावी. मी ती सिंधुच्या या फ्रॉकसाठी बेतायला घेतली आणि शिवण उसवायला उलटी केली. आतून ती बाहेरच्याइतकीच नीट होती. एक दोरा लोंबत नव्हता. छातीवरच्या बिल्ल्याच्या मागे भरतकाम असे बसलेले, की बोट फिरवले तरी अडकत नव्हते. सगळे घर मातीत गेलेले असताना मी त्या शिवणीकडे कितीतरी वेळ बघत बसले. कोणीतरी, कधीही न दिसणाऱ्या बाजूसाठी एवढे कष्ट घेतले होते. ज्या माणसाने ती जर्सी दान केली त्याचे नाव मला कधी कळणार नाही. त्याचे आणि ती शिवणाऱ्या हातांचे मी या कागदावर आभार मानते.

४. माझे जर्सी शिवण्याचे दुकान, भाड्याची जागा मालकाच्या संमतीने, चारही मशीन, कात्र्या, आकड्यांचे साचे आणि आकडे चिकटवायचे गरम दाबयंत्र हे सर्व जगदेवी हिला मिळावे. ती बारा वर्षे माझ्यासोबत दुकानात शिवते आहे. यातले काळे पायमशीन माझे गुरू गुरुपादप्पा मास्तर यांचे आहे. ते विकू नये.

मास्तर उदगीरकडचे. लातूरला त्यांचे टेलरिंगचे दुकान होते. मला ते अक्का म्हणत. विधवा बाई, मांडीवर पोर, हातात कला नाही, तरी त्यांनी मला ठेवून घेतले. अकरा वर्षे शिकवले. ते म्हणत, "उलटं बघ, अक्का. सुलटं काय, गिऱ्हाईकबी बघतंय." आणि शिवण संपली की शेवटी तीन टाके मागे घ्यायला लावत, म्हणजे टोक कधी उसवत नाही. ती सवय माझ्या हाताला कायमची लागली.

जगदेवी, लोक तुझ्याकडेही जर्सी घेऊन येतील आणि विचारतील, "ताई, वरिजनल हाय का?" आधी उलटी कर. बिल्ल्याची मागची बाजू बघ. खोट्याला तिथे दोऱ्यांचा गुंता असतो, नाहीतर कडक कागद चिकटवलेला असतो. आतल्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, तिच्यावर बारीक अक्षरात मालाचा नंबर असतो. दोन वेगळ्या संघांच्या जर्सीवर एकच नंबर दिसला तर पुढे बघायची गरज नाही. पाठीवरच्या आकड्याच्या कडेला नख लाव, खोटा लगेच सुटू लागतो. कापड उजेडाला धर. जाळी सगळीकडे सारखी हवी. किंमत आणि चकाकी बघूच नको. आणि खोटी निघाली तर हळू आवाजात सांग. बापाने पोरासाठी हौसेने घेतलेली असते. खोटी जर्सी अंगात घालण्यात पाप नाही. खरी म्हणून विकण्यात आहे. हे मी कुणापेक्षाही चांगले जाणते, ते पुढच्या कलमात लिहिते.

५. हे कलम मालमत्तेचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय बाकीची मालमत्ता माझी कशी, ते कळणार नाही.

मास्तर वारल्यावर मी माहेर जवळ म्हणून नांदेडला आले. खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात आनंदराज शेटजींनी मला कामावर घेतले. मागच्या खोलीत जर्सीवर नावे, आकडे शिवायचे. दोन महिन्यांनी शेटजींनी कपाटातून एका बड्या कंपनीच्या नावाच्या लेबलांचा गठ्ठा काढला आणि साध्या कापडाच्या जर्सींचा ढीग पुढे टाकला. नमुना म्हणून एक खरी जर्सी माझ्यासमोर खुंटीला टांगली. "हिच्यासारखं दिसलं पाहिजे, बाई." मला पहिल्याच दिवशी कळले. सिंधु शाळेत होती, तिला नर्स व्हायचे होते. मी गप्प राहिले आणि चार वर्षे ती लेबले लावली. माझ्या हाताने लावलेले लेबल बाहेरून कोणालाही ओळखू येत नसे. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटत असे. हेही लिहून ठेवते.

मग एके दिवशी दुपारी त्या कंपनीची माणसे पोलिसांना घेऊन आली. गल्ल्यावर रविकिरण होता, माझ्या माहेरचा, उमरीचा पोरगा. वर्षभरापूर्वी कामाला लागलेला, नवीन लग्न झालेला. शेटजी म्हणाले, "हा माल यानं परस्पर बाहेरून आणला. लेबलं लावूनच आला. मला काही माहीत नाही." रविकिरणला घेऊन गेले. जाताना त्याने मागच्या खोलीकडे पाहिले. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले.

तो जामिनावर सुटला, पण खटला उभा राहिला. कोणी त्याला काम देईना. नऊ महिने मी बोलले नाही. मग त्याची आई, मनकर्णाबाई, उमरीहून एसटीने माझ्या दारात आली. मला वाटले, रडेल, शिव्या देईल. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू आपल्या गावची लेक हायेस. माझ्या पोराच्या बाजूनं सांग म्हणत न्हाई मी. तुला दिसलं तेवढंच सांग." एवढे बोलून, पुढची गाडी चुकेल म्हणून, उठली.

मी साक्षीला नाव दिले आणि लातूरला जाऊन सिंधुला सगळे सांगितले. ती तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "चार वर्षं तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तारीख कधी हाय?"

कोर्टात सरकारी वकिलांनी माझ्यापुढे तीन जर्सी ठेवल्या. "यातली खरी कोणती?"

मी तिन्ही उलट्या केल्या. "मधली खरी. बाकीच्या दोन आमच्या दुकानातल्या."

"तुमच्याच दुकानातल्या कशावरून? बाजारात अशा ढिगानं मिळतात."

"साहेब, लेबलाच्या डाव्या कोपऱ्यात बघा. तीन टाके मागं घेतलेत. कारखान्यात लेबलाला कुणी असं करत न्हाई. ते माझ्या हातचे हायेत."

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना? हे तुमच्यावरही येऊ शकतं."

"हाव साहेब. पिशवीत लुगडं आन् टॉवेल घेऊनच आले."

"लेबलं तुम्हाला कोण द्यायचं?"

मी शेटजींकडे पाहिले. ते आपल्या चपलांकडे बघत होते. "शेटजी द्यायचे. कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. रविकिरण कामाला लागायच्या आधी तीन वर्षांपासून लावत होते मी. त्या पोराला मागच्या खोलीत कधी येऊच दिलं न्हाई."

माझ्या साक्षीवरून साहेबांनी शेटजींनाही आरोपी केले. पुढे निकाल लागला. रविकिरण निर्दोष सुटला. शेटजींना शिक्षा झाली, दुकान बंद पडले. मला साहेबांनी कडक शब्दांत समज दिली आणि घरी जाऊ दिले. बाहेर आले तर सिंधु व्हरांड्यात उभी होती. लातूरहून पहिल्या गाडीने येऊन मागच्या बाकावर बसली होती, मला माहीत नव्हते. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "लुगडं तरी चांगलं घ्यायचंस," म्हणाली.

सिंधु, तुझे शिक्षण त्या लेबलांवर झाले याची लाज माझी आहे, तुझी नाही. तू आज लातूरच्या दवाखान्यात रात्रंदिवस माणसे सांभाळतेस. ते खरे आहे, उलटून पाहिले तरी खरे आहे.

६. रविकिरण आता एसटीत वाहक आहे. तो माझ्याकडून काही घेत नाही, आणि दर दिवाळीला मला मात्र फराळ आणून देतो. त्याला माझे पितळी दांडीचे भिंग द्यावे. नाही म्हणाला तर त्याच्या बायकोच्या हातात द्यावे. त्याची आई मनकर्णाबाई आता नाही. तिने माझ्याकडे फक्त खरे मागितले, जास्त काही मागितले नाही. माझ्या आयुष्यात एवढा मोठा मान मला कोणी दिला नाही.

७. आनंदराज शेटजींना माझ्या मालमत्तेतून काही नाही. पण त्यांच्याविषयी दोन गोष्टी नोंदवते. नांदेडला कोणी ओळखीचे नसताना त्यांनी मला काम दिले, आणि सिंधुला टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले. हेही खरे आणि तेही खरे. सहा वर्षांपूर्वी ते माझ्या दुकानाच्या पायरीवर आले. केस पार पांढरे झाले होते. म्हणाले, "बाई, नातीच्या शाळेच्या बारा जर्सी शिवायच्यात." मी माप लिहून घेतले. जाताना म्हणाले, "लेबल तुमचंच लावा." मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. मी त्यांना माफ केले असे लिहिणार नाही, कारण त्या लेबलांत हात माझाही होता. माझ्या मनात राग उरलेला नाही, एवढे त्यांना माझ्यामागे कोणीतरी सांगावे.

८. माझे क्रियाकर्म जिथे मरेन तिथेच करावे, गावोगाव फिरवू नये. तेराव्याला जेवण साधे असावे. टेबलावर विष्णुपुरीच्या मुलींच्या खो-खो संघाच्या पंधरा जर्सी बेतून ठेवल्या आहेत. त्या सुतकात अडकवू नयेत. स्पर्धा आमच्यासाठी थांबत नाही. जगदेवीने वेळेवर पोचवाव्यात.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे जावई सत्यम यांनी करावी. ते कमी बोलतात आणि सांगितलेले करतात, म्हणून त्यांना नेमले.

१०. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. त्यामुळे गीतांजली मॅडमना काही देता येत नाही, याचे मला वाईट वाटते. खटल्यानंतर आठ महिने मला कोणी बटण लावायलाही बोलावले नाही. तेव्हा या खो-खोच्या मॅडम घर शोधत आल्या. म्हणाल्या, "पेपरात वाचलं. स्वतःवर घेऊन खरं बोलणारी शिवणारी मला पाहिजे." त्यांच्या मुलींच्या जर्सीवर मी पहिल्यांदा माझ्या नावाचे लेबल लावले. त्यांना घरदार दिले तरी ते कमीच पडले असते. म्हणून विचार करून त्यांनाच साक्षीदार घेतले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रत्येक पानावर सही केली. वाचून झाल्यावर गीतांजली मॅडमनी विचारले, "अयोध्याताई, काही राहिलं का?"

मी म्हणाले, "राहिलं असंल तर परत आल्यावर माझ्या हातानं करीन. इथं लिहून ठेवत न्हाई."

ठिकाण: नांदेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: (सही) अयोध्या वैजनाथ हिप्परगे

आमच्यासमक्ष, शुद्धीत आणि हसतमुखाने सही केली:

साक्षीदार १: (सही) गीतांजली सोनटक्के, क्रीडाशिक्षिका, विष्णुपुरी
साक्षीदार २: (सही) डॉ. राजशेखर बिरादार, तरोडा, नांदेड