गुन्वोरचं नाव शेवटी

११ मार्च
पार्टीची मीटिंग. म्हणजे मी, सेक्रेटरी आइलर्ट आणि थर्मासमधली कॉफी. तोर्सविकचा महापौर होऊन तीन टर्म झाल्या, जीव कंटाळलाय. पण खाडीखालचा बोगदा व्हायचाय. माझ्याशिवाय कोण करणार? उभं राहणं भाग आहे.
लिस्टीत पहिलं नाव माझं. शेवटच्या जागेला माणूस मिळेना, म्हणून बायकोचं, गुन्वोरचं टाकलं. नुसती भरती.
आइलर्ट म्हणाला, लोक हल्ली आवडत्या नावापुढे खुणा करतात, खालचे वर येतात. तुझं नाव ठळक छापू, अशा नावाला नियमानेच पंचवीस टक्के मतं आयती जोडून मिळतात. म्हटलं, कुबड्या नकोत. त्याने परत विचारलं. परत नाही म्हटलं. स्वतःचा अभिमान वाटला.

१२ मार्च
गुन्वोरला सांगितलं. म्हणाली, मला न विचारता? म्हटलं, अगं, तुला कोण मत देतंय! उठून भांडी घासायला गेली. समजूतदार आहे.

१९ ऑगस्ट
दुकानासमोर पार्टीचा स्टॉल. पाऊस. गुन्वोर वॉफल भाजत होती, मी बोगद्यावर बोलत होतो. ही रांग! लोकांना बोगद्याची केवढी आस! रांग वॉफलच्या बाजूला होती हे खरं. तिथून ऐकू चांगलं येत असणार.

२६ ऑगस्ट
पुन्हा स्टॉल. पाय दुखतात. गुन्वोर ज्याला त्याला गुडघ्याचं विचारते, वॉफलवर तपकिरी चीज सढळ हाताने घालते. बजावलं, प्रचारात गप्पा नकोत. एक म्हातारी मला म्हणाली, ओडवार, सरक बाबा, साखर तुझ्यामागे आहे. लोक मला घरचाच समजतात.

२ सप्टेंबर
गुन्वोर म्हणे, संध्याकाळची फेरीबोट आधी परत सुरू करा. हसलो. म्हटलं, बोगदा झाल्यावर बोट कशाला? म्हणाली, आणि तोवर लोकांनी पोहायचं का? हेच ती स्टॉलवर सगळ्यांना सांगत बसली. राजकारण कळत नाही बिचारीला.

११ सप्टेंबर, मतदान
नवा टाय. विजयाचं भाषण तयार. नम्र ठेवलंय.

१२ सप्टेंबर
पार्टीला तीन जागा. माझंच यश. मग नावापुढच्या खुणा मोजल्या. गुन्वोर तळातून थेट पहिली. मी चौथा. आइलर्ट फोनवर म्हणाला, ठळक छापलं असतं तर दुसरा आला असतास. फोन ठेवून दिला.
गुन्वोर स्वयंपाकघरात रडत होती. वाटलं, माझ्यासाठी. म्हटलं, असू दे गं. तर म्हणाली, मला कोण मत देतंय म्हणाला होतास ना? बघ की रे, किती माणसं!


५ ऑक्टोबर
नव्या सभेत बाकीच्या पार्ट्यांनीही तिलाच मत देऊन महापौर केलं. पदाची साखळी जुन्या महापौराने नव्याच्या गळ्यात घालायची असते. आकडा लागेना. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
पण पहिला राखीव सदस्य मीच आहे. ती आजारी पडली की सभेत मी. तिला कधी साधी सर्दी झालेली मात्र आठवत नाही.

९ नोव्हेंबर
आज सभा. नाश्त्याला गुन्वोर शिंकली! ताबडतोब टाय बांधला. म्हटलं, तू पडून राहा, अजिबात दगदग करू नकोस. म्हणाली, अंड्यावरची मिरी नाकात गेली रे. संध्याकाळची बोट आजच मंजूर करून घ्यायचीय तिला. दारातून वळून म्हणाली, बोट मंजूर झाली तर लोक आपल्या घरी येतील, वॉफलचं पीठ भिजवून ठेव.
भिजवलं. टाय काढायचा राहिला होता, तो पिठात बुडाला.