कागद ताणायचा दिवस

आत्या, जुनाच कागद परत का ताणला, नवा का न्हाई आणला, असं तुमी इचाराल. नवा आणून काय त्याला हार घालायचा हाय का? परसातली चार वाफ्याची, रोपांची खोली ती. माळावरच्या फुलवाल्यानं टाकून दिलेला प्लास्टिकचा कागद तुमी डोक्यावरनं आणला आन् बांबूच्या कमानीवर घातला, तवापासनं ती खोली उभी हाय. मधी दोनदा कागद बदलला, कमानी पाइपाच्या झाल्या, पर जागा तीच. दिवाळी सरली का मी आपली तिच्या मागं लागते. उन्हाळा-पावसाळ्यात कागदावर शेवाळ धरतंय, ते वल्या फडक्यानं पुसायचं, न्हाईतर आत ऊन जात न्हाई. भोकं पडली असतील त्याला टेप. खालची कड मातीत गाडायची, म्हंजी पहाटचं वारं आत शिरत न्हाई. आत पाण्यानं भरलेले दोन काळे डबे ठिवायचे, दिवसभर तापत्यात आन् रातीला ऊब सोडत्यात. झालं. ह्यात काय शिकायचंय? मोबाइलवर बाया तासतासभर दाखवत बसत्यात, हे असं पुसा आन् ते तसं पुसा. तेवढ्यात पुसून व्हतंय की.

मला बी पहिल्या साली कुठं येत व्हतं म्हणा. थंडी पडली म्हणून मी सगळी खोली चहूबाजूंनी बंद केली, फटीत चिंध्या कोंबल्या आन् आत शेगडी ठिवली, वर ववा टाकला. बाळंतिणीच्या खोलीत तुमी करायचा तसंच. मला वाटलं, ऊब म्हंजी ऊब. आपल्याकडची थंडी कशी, पहाटं दात वाजत्यात आन् दुपारी डोकं तापतंय. दुपारपतूर मिरचीची रोपं मान टाकून बसली. तुमी आलाव, दाराचा पडदा वर करून कोंडलेली वाफ भाईर सोडली, एकदा रोपांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणलाव, "रोपं हायेत ती, बाळंतीण न्हाई. आता डिंकाचं लाडू बी चार त्यास्नी." तुमी सासू त्या सासू, वर चुलत सासूसमोर म्हणलाव. आठ दिवस ती बाई मला बघितलं का लाडू इचारायची. आन् गेल्या साली तुमच्या नातवानं काय करावं? दौंडवरनं आला आन् माझ्या काळजीपोटी सगळ्या फटीला पॅकिंगची टेप मारून गेला. परत रोपं शिजली. माझ्यावरच गेलाय त्यो.

पर आज लिवायला बसले ती दोरीपायी. कागदावरनं दोऱ्या टाकायच्या असत्यात, न्हाईतर वाऱ्यानं सगळं फडफडून फाटतंय. ते एकट्याचं काम न्हाई. तुमी पल्याड, मी अल्याड. मी दोरीच्या टोकाला दगड बांधून वरनं फेकायची आन् वरडायची, "आली हो." तुमी धरायचा, वढायचा, खुटीला बांधायचा. मधी कागद. दवानं आतनं घाम आलेला, तुमचं लुगडं निस्तं हिरवं हिरवं दिसायचं, त्वांड न्हाई. घरात मी तुमच्याफुडं खाली मान घालून "व्हय" न्हाईतर "न्हाई", तिसरा शब्द न्हाई. आन् हितं मधी कागद असला का माझ्या तोंडाला कसं पाय फुटायचं, माझं मलाच कळायचं न्हाई. आई आजारी पडल्याचा सांगावा आला तवा घरात पाव्हणे, ऊसतोड, कुणाला काय बोलायची सोय न्हवती. दोरी फेकता फेकता मी म्हणलं, "मला माहेरी जायचंय." पल्याड दोरी थांबली. मला वाटलं, आता काय ऐकाय मिळतंय. तुमी म्हणलाव, "जा की. तेवढी दोरी बांधून जा." आन् दुसऱ्या दोरीला म्हणलाव, "भाकरी तू माझ्यापरीस पातळ करतीस. चारचौघांत म्हणायची न्हाई मी." न्हाईच म्हणलाव कधी. मरस्तवर माझ्या भाकरीला नावं ठिवलीव.

आता ऐका. तुमचा नातू दौंडला रेल्वेत हाय, सून तिथंच दवाखान्यात नर्स. गेल्या थंडीत मला छातीत कफ झाला, पंधरा दिवस पडून व्हते, तवापासनं त्याचं एकच चाललंय, आई ह्या थंडीत तू एकटी र्‍हायची न्हाईस, दौंडला ये. फोनवर रोज तेच. मी म्हणते, बघू. रविवारी त्याला ड्युटी व्हती म्हणून सुनेला धाडली, आईला घेऊनच ये म्हणून. तळेगावापतूर एसटी, तिथनं जीप, बिचारी बाराच्या उन्हात आली. चा झाला. मी म्हणलं, "आधी कागद ताणू, मग काय ते बोलू." ती म्हणली, "आई, खांदा दुखतोय ना तुमचा?" मी म्हणलं, "दुखतोय तर दुखू दे, त्यो काय आता नवा मिळणार हाय?" खरं तर हात खांद्याच्या वर जाईना. म्हणून ह्या खेपेला मी पल्याड उभी र्‍हायले, तुमच्या जाग्यावर, आन् तिला म्हणलं, "तू फेक."

पहिला दगड तिनं असा फेकला का शेजारच्या शेवग्यात. दुसरा माझ्या पायाशी. मी म्हणलं, "सासूला मारून मोकळी व्हतीस काय गं?" ती हसली. तिसरी दोरी नीट आली. चौथी यायची थांबली. कागदातनं तिचा निळा ड्रेस दिसत व्हता, हलत न्हवता. मी वरडले, "येतीय का?" तर ती म्हणली, "आई, एक बोलू का?" मी म्हणलं, "बोल की."

"तुम्ही चला म्हणायला मी आलेय. ते मी म्हणेन. पण तुम्ही येऊ नका."

मी दोरी धरायला हात फुडं तसाच धरलेला.

"तुम्ही वाईट नाही हो," ती म्हणली. "दिवसभर मी लोकांचं करते. घरी आल्यावर घटकाभर पाय पसरून भिंतीला टेकून बसते, चहासुद्धा करत नाही. तुम्ही आलात की मला पाय जवळ घ्यावे लागतील. तुम्ही नका म्हणाल, तरी मी घेईन. यांना हे सांगितलं तर भांडण होईल."

आत्या, मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. भिंतीला टेकून पाय पसरून बसायचं म्हंजी काय, ते मला तुमी गेल्यावरच कळलं. तिला जित्या सासूपशी मागावं लागलं, एवढंच. मी म्हणलं, "बरं. दोरी फेक." तिनं फेकली. मी म्हणलं, "आन् तुझ्या बाजूची गाठ दुहेरी मार, संक्रांतीपतूर टिकली पायजे." मग ती हिकडं आली, डोळं लाल. मी म्हणलं, "शेवाळाचं पाणी गेलं का डोळ्यात? धू जा." दोघीनी पिठलं-भाकर खाल्ली. 

संध्याकाळी त्याचा फोन आला तवा मीच घेतला. म्हणलं, "मी न्हाई येत. रोपं हायेत, दुपारी पडदा कोण वर करील?" त्यो लई बोलला. हट्टी म्हणला, रोपं पोरापरीस जवळची का म्हणला. मी म्हणलं, "व्हय, जवळची." सून भांडी घासत व्हती, तिचा हात थांबला. थांबू दे. आईनंच न्हाई म्हणलं म्हणल्यावर तिच्या घरात वाद न्हाई. दुसऱ्या दिशी पहिल्या जीपनं तिला बसवून दिली, पिशवीत वांगी घातली.

हे लिवलेलं कुठं धाडणार हाय मी? चूल पेटवायला व्हईल. तुमी आता म्हणाल, बरं केलंस, तुला तरी कुठं जायचं व्हतं. तर ऐका. कागद रविवारीच ताणायचा हट्ट धरला त्यो मी हितं असणार म्हणून न्हाई. मी दौंडला गेले का मागं खोली वाऱ्यानं पडू नये म्हणून. दुपारचा पडदा वर करायला शेजारणीला सांगून झालं व्हतं. दोन लुगडी, स्वेटर, गुडघ्याचं तेल, सगळं भरून पिशवी कॉटखाली तयार व्हती. सून गेल्यावर रिकामी केली.

बास. ह्याच्याफुडं एक शब्द सांगणार न्हाई.