पंडित, कोनतं हॉटेल आवडलं?

९ जानेवारी २००७, हॅवलॉक बेट, अंदमान

लिंबाची चकती कापून वाढणाऱ्यास शास्त्रात कोणते प्रायश्चित्त सांगितले आहे, ते एकदा पाहिले पाहिजे. चकती पिळता येत नाही. दाबली की अर्धा रस बोटांवर, अर्धा डोळ्यात, आणि वरण कोरडेच! संत्र्या-लिंबांच्या मुलखातून मी समुद्र ओलांडला तो ह्यासाठी?

ओलांडायला लावला अब्दुल रहीमने. शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा व्यापारी, घरची बाग, माझा जुना दोस्त. "पंडित, बातम्या लिहून लिहून तू वाळून राहिला. चाल, समुद्र दाखवतो." तिकिटं त्याचीच. मी अमरावतीचा वार्ताहर – फुकट म्हटल्यावर लगेच निघालो. शंका आली ती विमानात. बागेत मृगाचा बहार तोडणीवर आलेला! ह्या दिवसांत रहीम सासऱ्याच्या मयतीलासुद्धा उशिरा पोचला होता. मग हा इथे काय करतोय?

१० जानेवारी

इथल्या गावांना एसटी स्टँडच्या फलाटांसारखे नंबर आहेत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. पाहुणे दिवसभर पाठीला हवेची नळकांडी बांधून समुद्रात बुडतात आणि दिवे लागले की जेवायची जागा शोधत हिंडतात. आम्ही बुडत नाही, नुसते हिंडतो.

काल पाच नंबरचं बांबूच्या खांबांवरचं हॉटेल. आज जेटीजवळचं. तिथे रहीमपुढे ताटाएवढा मासा आला. मत्स्य हा पहिला अवतार. त्याला लसणासकट पाहावं लागू नये म्हणून मी डोळे मिटून भात खाल्ला. डोळे उघडतो तर मासा अर्धा टाकून रहीम भटारखान्यात! मालकाला विचारत होता – गोडं पाणी कुठून येतं, पावसाळ्यात गिऱ्हाईक असतं का, जागा कोणाची.

"तुला कशाला रे ह्या चौकशा?"

"असंच. तू सांग, कालचं बरं का आजचं? तुले कोनतं हॉटेल आवडलं?"

जेवण घशाखाली उतरायच्या आत हा प्रश्न. मी सांगितलं नाही. प्रश्नामागचं कारण कळेपर्यंत उत्तर देऊ नये, हा आमच्या धंद्याचा धर्म.

११ जानेवारी, गुरुवार

गुरुवार आमचा जेवणाचा वार. रहीम मालाच्या निमित्ताने अमरावतीला येतो आणि राजकमल चौकाजवळच्या खानावळीत एकाच टेबलावर त्याचा रस्सा, माझं वरण. आजचा गुरुवार तीन नंबरच्या बाजारात झाला. हरिपदबाबू नावाच्या म्हाताऱ्या बंगाल्याची खानावळ. पत्र्याचं छप्पर, चार बाकं. डाळ गोड! गोड डाळ आणि वर लिंबाची चकती – एका ताटात दोन पातकं.

पण खरी गोष्ट वेगळीच. जेवण झाल्यावर रहीमने खांद्यावरचा रुमाल हरिपदबाबूच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. हे मी ओळखतो! आमच्याकडे संत्र्याचा सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबायची. भाव तोंडाने कोणी बोलत नाही, शेजारी उभ्या सख्ख्या भावालाही कळत नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं, हा हात पाहतो. त्याने दुसराही पुढे केला!

"कसला सौदा रे?"

"सौदा? हट! त्याले गंमत दाखवून राहिलो होतो."

गंमत दाखवताना कपाळावर घाम येत नाही.

१२ जानेवारी

शहाजादीवहिनी अकोल्याला, जठारपेठेत, लेकीकडे आहेत. रहीम सहज बोलून गेला. कधीपासून? – दिवाळीपासून!

१३ जानेवारी

रहीम आज समुद्रात उतरला. विहिरीत पोहलेला पन्नाशीचा गडी – अंगात काळा रबरी पोशाख, पाठीला नळकांडं. मी वाळूत, त्याच्या चपला आणि टोपी मांडीवर घेऊन. बुडबुडे दिसत होते तोवर ठीक. मग दिसेनात. मी टोपीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. येत होती तेवढी स्तोत्रं म्हणून संपवली.

वर आला तो हसत! असा हसताना त्याला पाहून किती महिने झाले. "पंडित, खाली कोनी भाव इचारत नाही रे!"

संध्याकाळी पुन्हा हरिपदबाबूकडे. ताटात लिंबू – चकती नव्हे, फोड! बिया काढलेली. भटारखान्याच्या दारातून रहीम माझं तोंड न्याहाळत होता.

"आता त सांग. कोनतं आवडलं?"

"हेच! बस?" मी चिडून म्हणालो.

पाठीत थाप घालून तो हरिपदबाबूकडे गेला. ह्या वेळी रुमाल नाही. सरळ हातात हात.

१७ जानेवारी, अमरावती

गाडीतून बडनेऱ्याला उतरलो. रहीमच्या गावालाही इथूनच जायचं. तो उतरला नाही! "अकोल्याले जातो, लेकीकडे." गाडी हलली तरी दारात उभा. इतक्या दिवसांत बागेचं नावही काढलं नाही.

२१ जानेवारी

राहवेना. शेंदूरजनाघाटला जाऊन आलो. रहीमच्या बांधाला लागून पार्बताबाईचा झेंडू आहे. फुलं तोडता तोडता म्हणाली, "बाग त त्यायनं दिवाईतच तोडली ना भाऊ! बोर आटली. तुमीच त पेपरात देल्लं."

दिलं होतं. संत्राबागांवर कुऱ्हाड, म्हणून. माहिती फोनवरून रहीमचीच – "शेजाऱ्याची गोष्ट आहे," म्हणाला होता. खोडं पाहिली. ओळी अजून सरळ आहेत.

रहीमला फोन लावला. खोडं पाहून आलो, म्हटलं. मग –

"हरिपदबाबूची खानावळ घेतली, भागीत. तुयी वहिनीबी येते. आता तिकडंच. तुले आवडलं तेच घेतलं ना बावा, म्हणून त रोज इचारत होतो. तू आला की डाळ गोड नाही करनार."



२५ जानेवारी, गुरुवार

राजकमलजवळ एकटाच जेवलो. लिंबाची फोड होती. पिळली नाही.

वर १३ तारखेखाली स्तोत्रं म्हणत होतो असं लिहिलं आहे. खोटं आहे. बुडबुडे दिसेनात तेव्हा मी रहीमची बातमी मनात लिहीत होतो – दोन वर्षं आमच्या जिल्ह्यातून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पाठवतो तशीच. नाव, वय, गाव.

तो वर आला. आता तिकडे सुखाने भात वाढील. पण ती पहिली ओळ मला अजून पाठ आहे, आणि तिचीच मला भीती वाटते.