कळी न धरलेला वाफा

मांजरसुंब्याचा मळा,
पौष शुद्ध ३, शके १८३६

चिरंजीव गहिनीनाथ यास बापाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी, तुझी आई आणि दोन्ही बैल. हैदराबादेत कुणा नवाबाच्या बागेत तू विलायती फुलांना पाणी घालतोस, असं एक गाडीवान सांगून गेला. चांगलं आहे. दिवाळीला येतो म्हणून गेला होतास. कोणत्या दिवाळीला ते विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

थंडी बरी आहे. विहिरीला पाणी आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला आपली पिवळी शेवंती गेली, पण यंदा टोपली अर्धीच. रस्त्याकडच्या वाफ्याने दगा दिला.

तू माळ्याचा पोर, तुला काय सांगायचं. शेवंती पावसाळाभर नुसती पानं करते. दिवस आखडले, रात्र वाढली, की तिच्या शेंड्यात काहीतरी ठरतं. नखाने शेंडा उकलला तर पानाच्या जागी मोहरीएवढं बटण सापडतं. त्याची कळी होते, कळीचं फूल, आणि त्या एका फुलात पुन्हा शंभर बारकी फुलं दाटीने बसलेली असतात. माझ्या आज्याच्या लहानपणी म्हणे आपली शेवंती एकपदरी होती. जे झाड भरगच्च फुललं त्याचेच फुटवे तो पुढच्या साली लावायचा, तेव्हा कुठे हे फूल झालं. इतक्या पिढ्यांत कधी रुसलं नाही. यंदा मात्र रस्त्याकडच्या वाफ्यात दिवाळी झाली तरी शेंडे उकलावेत तर पानात पान. झाडं कंबरेएवढी, हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही.

मग घरात जे व्हायचं ते झालं. किती वेळ पाण्यापावसाचं लिहीत बसू? आपली सून अंजना इथे नाही.

तुझ्या आईने ठरवलं की वाफ्याला विटाळ झाला. बाहेरची असताना अंजना रस्त्याकडच्या पडवीत बसायची, तिची सावली झाडांवर पडली, म्हणून फूल धरेना. आपल्यात मानतातच हे. पोर म्हणाली, "आत्याबाई, मी वाफ्याकडं फिरकलेबी न्हाई." "मग कावून कळी धरंना?" तुझ्या आईने विचारलं. बोलण्याने बोलणं वाढलं आणि फुलावरून तुझ्यावर आलं. "नवरा टिकला न्हाई तिथं फूल काय टिकंल!" असं तुझी आई बोलून गेली. त्याच आठवड्यात अंजनाचा भाऊ सिदू आष्टीहून गाडी घेऊन आला. जाताना ती माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, पण राहा म्हणायचं धाडस झालं नाही.

ती गेल्यावर त्या वाफ्याला पाणी देत होतो, तर मधोमध एक पट्टा फुललेला. दीड हात रुंद, लिंबाच्या खोडापासून निघून थेट बांधापर्यंत गेलेला. दोन्हीकडे पाला, मध्ये पिवळी धमक फुलं. विटाळ काय असा दोरी लावून पडतो? मी खोडाच्या अलीकडे पाहिलं. दगडावर तुझ्या आईचा कंदील.

तू गेल्यापासून ती रोज तिन्हीसांजेला कंदील लावते, तो उजाडेपर्यंत जळतो. आधी ओसरीत असायचा. यंदा आषाढात ओढ्याने वाट फोडली, तू अंधारात वळण चुकशील म्हणून तिने तो रस्त्याकडच्या दगडावर नेला. जिथवर उजेड, तिथवर पाला. खोडाच्या सावलीत तेवढं फूल. त्या झाडांना रात्र झालेली कधी कळलीच नव्हती.

मी तिला हाताला धरून दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या फुलं. दिवा इझणार न्हाई. माझं पोरगं अंदारात चुकंल."

मी म्हणालो, "अगं, पोरगी तर आपल्या उजेडातच गेली की."

त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी मात्र कंदील आपल्या हाताने उचलून तिने आत नेला. मी तुझ्या आईशी उभा जन्म भांडलो, पण त्या वेळी तिच्याकडे बघवेना.

आता वाफ्यात कळ्या आल्या आहेत. पहिली फांदी घेऊन ती आष्टीला गेली, सुनेपुढे पदर पसरला, "चुकले मी, पोरी. घरी चल." अंजनाने सासूला जवळ बसवून जेवू घातलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यावर राग न्हाई. पर ज्यांनी मला त्या घरात नेलं, त्यांनीच न्यायला यावं. पौषभर वाट बघते. मग सिदू म्हणतो तसं काडीमोड हू द्या."

लई गुणाची पोर आहे रे. आणि ती म्हणते ते खरं आहे.

तेव्हा ऊठ आणि ये. बीडवरून येताना आपला मळा आधी लागतो. इथे उतरू नकोस. गाडी तशीच पुढे आष्टीला ने. आधी तिच्यासमोर उभा राहा, ती बोलेल ते ऐकून घे, आणि ती आली तर दोघं मिळून या. आम्ही वाट अडवणार नाही, हाकही मारणार नाही. तुझ्या आईने तसं कबूल केलंय. तिला ते किती जड गेलं ते मी पाहिलंय, आणि मलाही जड जाणार आहे, पोरा.

एवढंच कर, दिवसाउजेडी जा. रात्री आता इथे दिवा नसतो, आणि गाडीत बसलेला तू तुझ्या आईला दिसायला हवास.

बांधावर उभा असलेला,
तुझा बाप आप्पाराव